अनामिकेचा थेंब

लातूरकडील एका वाचकबंधूंचें पत्र आलें आहे. त्यांच्या धाकट्या सुनेस तिसरा महिना लागला म्हणून नांव नोंदविण्यासाठीं तिला सरकारी रुग्णालयांत नेलें. तेथें परिचारिकेनें आधीं तिला विचारलें, मग तिच्या बोटास टोचून रक्ताचा एक थेंब एका लांबट पट्टीवर घेतला. ही तपासणी एच.आय.व्ही.ची. सूनबाई शांत होत्या, परंतु सोबत गेलेल्या सासूबाईंचा संताप अजून शमलेला नाहीं. "आमच्या घरांत ही परीक्षा कशाला?" असा त्यांचा प्रश्न आहे, आणि "एवढ्याशा थेंबावर एवढ्या मोठ्या रोगाचा निवाडा कसा होतो?" असा पत्रलेखकांचा. मी वैद्य नव्हे. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु देगलूरच्या डॉक्टर मंडळींशीं व आरोग्यसेविकांशीं या विषयावर माझें पुष्कळ बोलणें झालें आहे, कांहीं वाचनही केलें आहे. त्यांतून समजलें तेवढें येथें मांडतों.

सासूबाईंचा प्रश्न आधीं घेतों. ही तपासणी कोणा एका घरावर संशय घेऊन केलेली नसते. नांव नोंदविण्यास येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीस ती करण्याविषयीं विचारावें अशी सरकारी आरोग्यसेवेची पद्धतच आहे; मग ती कलेक्टरसाहेबांची पत्नी असो वा ऊंसतोडणीस जाणाऱ्या मजुराची. मातेच्या शरीरांत हा विषाणू असून उपचार झाले नाहींत, तर मुलास त्याची बाधा होण्याचा संभव शेंकडा १५ ते ४५ असतो. तेंच वेळीं कळून औषधें सुरू झालीं तर तो शेंकडा ५ च्याही खालीं येतो. हा विषाणू अंगांत असलेलें माणूस वर्षानुवर्षें हिंडतें-फिरतें राहूं शकतें, त्याच्या चेहऱ्यावर कांहीं लिहिलेलें नसतें. म्हणून निवडक जणींचीच तपासणी करावी असें म्हणण्यास कांहीं आधार उरत नाहीं. ज्या घरांत कांहीं निघण्याचा संभव नाहीं असें घरच्यांस वाटतें, त्या घरांत निकाल उशिरा कळतो एवढाच त्याचा परिणाम.

पत्रांत आणखी एक रोष आहे. सासूबाईंनीं निकाल तेथल्या तेथें विचारला, परंतु परिचारिकेनें तो त्यांस न सांगतां सुनेस एकटीस आंत बोलावून सांगितला. मला परिचारिकेचें वागणें सर्वथा योग्य वाटतें. एच.आय.व्ही.विषयीं २०१७ सालीं झालेला कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आहे. त्याप्रमाणें जिची तपासणी करावयाची तिची संमति लागते, आणि कायद्यानेंच सांगितलेले अपवाद सोडले तर तिच्या संमतीवांचून निकाल दुसऱ्यास सांगतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांत सर्व कांहीं सर्वांचें असतें हें खरें. परंतु सुनेच्या रक्ताचा कागद हा किराण्याच्या यादीसारखा घरभर फिरण्याचा कागद नव्हे.

आतां थेंबाचा प्रश्न. विषाणू शरीरांत शिरला म्हणजे शरीर त्याच्या ठेवणीस नेमकें जुळणारें एक प्रथिन तयार करूं लागतें. त्यास डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, मराठींत प्रतिपिंड. हीं प्रतिपिंडें रक्ताच्या पातळ द्रवांत सर्वत्र मिसळून वाहत असतात. म्हणून हाताच्या शिरेंतून पांच मिलिलिटर रक्त काढलें काय किंवा बोटांतून त्याचा शंभरावा हिस्सा काढला काय, त्यांतील प्रमाण जवळ जवळ तेंच राहतें. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या गृहिणीस हें निराळें सांगणें नलगे. पट्टीवर एके ठिकाणीं त्या विषाणूचे निर्जीव अंश रेघेच्या रूपानें बसविलेले असतात. थेंबावर औषधी द्रव सोडला कीं रक्त पट्टींतून पुढें सरकतें. त्यांत प्रतिपिंड असेल तर तें त्या रेघेवर अडकतें आणि रेघ रंगीत दिसूं लागते. शेजारीं आणखी एक रेघ असते. ती नेहमींच उमटली पाहिजे. न उमटल्यास पट्टीच बिघडली असें समजून ती टाकून द्यावयाची व नव्यानें तपासावयाचें. पट्टी पाहण्याची वेळही ठरलेली असते, बहुधा पंधरा-वीस मिनिटें. तासाभरानें पाहिल्यास नसलेली रेघ दिसूं शकते.

एका पट्टीवर रेघ दिसली म्हणजे निवाडा झाला असेंही नाहीं. आपल्याकडे एच.आय.व्ही.चा निष्कर्ष काढण्यापूर्वीं निरनिराळ्या बनावटीच्या तीन चाचण्या कराव्या लागतात. बोटाचा थेंब हा पहिला चाळणा. पुढील चाचण्यांसाठीं रक्त शिरेंतून घेतात. उलट रेघ नाहीं म्हणजे सर्व ठीक असेंही लागलीच म्हणतां येत नाहीं. बाधा झाल्यापासून बोटाच्या थेंबांत हीं प्रतिपिंडें सांपडूं लागण्यास २३ ते ९० दिवस लागतात. या अवधींत विषाणू असतो आणि पट्टी कोरी असते.

शिवाय प्रतिपिंडाचा अर्थ प्रत्येक रोगांत एकच नसतो. एच.आय.व्ही.चें प्रतिपिंड मोठ्या माणसांत पक्केपणीं सांपडलें, तर विषाणू शरीरांत आहेच असें समजतात. परंतु यकृतास सूज आणणाऱ्या हेपटायटिस सी या विषाणूचें प्रतिपिंड, रोग बरा झाल्यावरही रक्तांत राहतें. तें सांपडल्यास "पूर्वीं कधीं तरी बाधा झाली होती" एवढेंच सिद्ध होतें. आज ती आहे कीं नाहीं हें पाहण्यास विषाणूचीच निराळी तपासणी लागते. आणि बोटास टोचलें म्हणजे प्रतिपिंडच शोधलें असेंही नव्हे. साखर मोजतात ती साखर. हिवतापाच्या काचपट्टीवर जंतूच पाहतात. डेंग्यूच्या पहिल्या दिवसांत जी एनएस-१ नांवाची तपासणी करतात, तिच्यांत विषाणूचा अंश शोधतात, प्रतिपिंड नव्हे. कागद हातीं आला म्हणजे काय शोधलें होतें, हें आधीं वाचावें. सुशिक्षित घरांतूनही तें वाचलें जात नाहीं, केवळ "पॉझिटिव्ह" हा शब्द वाचला जातो.

बोट टोचणें आमच्या भागास नवें नाहीं. आमच्या लहानपणीं हिवतापाचा कर्मचारी घरोघर येई, भिंतीवरच्या चौकटींत तारीख लिही, आणि कोणास ताप असल्यास बोटास टोचून काचपट्टीवर थेंब घेई. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीरोगाचाही उपद्रव. त्याचे जंतू रात्रींच रक्तांत वर येतात, म्हणून त्याचे कर्मचारी रात्रीं आठनंतर दार ठोठावीत आणि झोंपलेल्या पोरांस उठवून बोटें टोचीत. त्याआधींच्या काळाकडे पाहिलें तर सुश्रुतानें जळवा लावण्यावर एक व शीर वेधण्यावर एक असे स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. परंतु तेथें रक्त काढावयाचें तें दोष घालविण्यासाठीं. रक्त पाहून रोग ओळखावा, आणि त्यासाठीं अगदीं थोडें काढावें, ही दृष्टि अलीकडची.

थेंब घेण्याची रीत मात्र सर्वांस ठाऊक असते असें दिसत नाहीं, आणि पुष्कळसे चुकीचे निकाल तेथेंच जन्मतात. बोट कोणतें घ्यावें? मध्यमा किंवा अनामिका, आणि ज्या हातानें आपण लिहितों-जेवतों त्याच्या उलट हाताचें. अंगठ्याची कातडी जाड असते; तर्जनी सदा कामांत असते व तिचें टोंक हळवें; कनिष्ठिकेंत मांस इतकें थोडें कीं टोचणी हाडास लागण्याची भीति. राहिली अनामिका. दर्भाचें पवित्रक जिच्यांत घालतात तीच ही. तिला नांव नाहीं म्हणून काम नाहीं असें समजूं नये. टोचावयाचें तें बोटाच्या पेराच्या मधोमध नव्हे, किंचित् बाजूस. मधोमध स्पर्शाच्या नसा दाट असतात, आणि दुसरे दिवशीं पोळ्या लाटतांना तें आठवत राहतें.

थंडीच्या दिवसांत हात गार असतात, त्या वेळीं रक्त येत नाहीं. मग बोट दाबून, पिळून थेंब काढण्याची घाई होते. ही मोठी चूक. बोट पिळलें म्हणजे रक्तासोबत मांसपेशींमधील पाणी बाहेर येतें, रक्त पातळ होतें, तांबड्या पेशी फुटतात आणि प्रतिपिंडाचें प्रमाण प्रत्यक्षापेक्षां कमी दिसतें. हात आधीं कोमट पाण्यानें धुवून पुसावा, कांहीं वेळ खालीं सोडावा. मग स्पिरिटचा बोळा फिरवून तें पूर्ण वाळूं द्यावें. ओल्या स्पिरिटांत मिसळलेला थेंब बिघडतो आणि आगही अधिक होते. टोचणी एकदांच, पण ठाम मारावी. भीत भीत मारलेली टोचणी पुन्हां मारावी लागते. पहिला थेंब कोरड्या कापसानें पुसून टाकावा, कारण त्यांत तेंच पेशींमधील पाणी अधिक असतें. दुसरा थेंब घ्यावा. आमच्या येथील एका आरोग्यसेविकेस मीं विचारलें, "ताई, पहिला थेंब वायां कां घालवितां?" ती म्हणाली, "गुरुजी, लोक मला हेंच विचारतात. मी म्हणतें, चहाचा पहिला उकळा कोणी गाळून पितें कां?" दृष्टांत शास्त्रशुद्ध नसेल, पण लोकांस पटतो असें दिसतें.

सहा महिन्यांच्या आंतील बालकाचें बोट टोचूं नये. त्याच्या टाचेच्या कडेस टोचतात. टाचेच्या मध्यभागीं हाड वरच असतें. या बालकांची गोष्ट आणखी एका कारणानें निराळी आहे. आईचीं प्रतिपिंडें गर्भांत असतांनाच मुलाच्या रक्तांत उतरतात आणि पुढें अठरा महिन्यांपर्यंतही राहूं शकतात. म्हणजे आईस एच.आय.व्ही. असेल तर निरोगी मुलाचीही पट्टी रेघ दाखवील. तेव्हां अशा बाळाच्या थेंबांत प्रतिपिंड न शोधतां विषाणूचाच शोध घ्यावा लागतो, आणि तें काम मोठ्या प्रयोगशाळेंतच होतें. देगलूरहून नांदेड ८० किलोमीटर. त्याहून मोठी प्रयोगशाळा त्याहून दूर. एवढ्या लांब तान्ह्याचें रक्त न बिघडतां न्यावें कसें?

या अडचणीचें स्वरूप समजण्यास १९८६ सालची मद्रासची हकीकत सांगितली पाहिजे. भारतांत हा विषाणू प्रथम ओळखला तो मद्रास मेडिकल कॉलेजांतील डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनीं. सुनीतिबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील. वेश्याव्यवसायांतून सोडवून आणून ठेवलेल्या स्त्रियांच्या सरकारी वसतिगृहांत जाऊन निर्मलाबाईंनीं शिरेंतून रक्ताचे नमुने गोळा केले. ते ठेवण्यास योग्य जागा नव्हती, म्हणून बाईंनीं ते स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्यें ठेवले. तपासणीचें यंत्र वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत. तेव्हां थंड पेटी घेऊन रात्रीच्या आगगाडीनें तिकडे जाणें आलें. त्यांतील सहा नमुन्यांत प्रतिपिंडें निघालीं, आणि पुढें अमेरिकेंतील तपासणींत तीं पक्कीं झालीं. सुनीतिबाईंनीं १९९३ मध्यें वडिलांच्या, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या, नांवानें रुग्णसेवेची व संशोधनाची संस्था काढली. २०१५ मध्यें त्या वारल्या व २०१७ मध्यें त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या कामगिरीचा मोठेपणा सर्व जण सांगतात. मला मात्र भाजीपाला व दुधाच्या शेजारीं त्या बाटल्या ठेवणाऱ्या त्या घराचें धैर्य विशेष वाटतें. त्या घरांतही वडील मंडळी असतीलच.

ओल्या रक्तास असें सांभाळावें लागतें. वाळलेल्या रक्ताचें तसें नाहीं. अमेरिकेंत रॉबर्ट गथ्री यांनीं नवजात बालकाच्या टाचेचा थेंब जाड टीपकागदावर घेऊन, वाळवून, त्यावर जन्मजात दोषाची तपासणी करण्याची रीत १९६३ सालीं प्रसिद्ध केली; तो दोष वेळीं कळला तर केवळ आहार बदलून मुलाची बुद्धि वांचते. तीच युक्ति पुढें विषाणूंच्या कामीं आली. प्रतिपिंडें हीं प्रथिनें असल्यामुळें नीट वाळलीं तर टिकतात. कागदावर छापील वर्तुळें असतात. एका वर्तुळांत एकच भरलेला थेंब सोडावयाचा, तो मागील बाजूपर्यंत मुरला पाहिजे. थेंबावर थेंब देऊं नये, बोट कागदास घासूं नये, वर्तुळास हात लावूं नये. मग कागद आडवा ठेवून सावलींत, मोकळ्या हवेंत निदान चार तास वाळवावा. आपल्या गृहिणी कुरडया-सांडगे कडक उन्हांत घालतात. येथें ऊन वर्ज्य, कारण उष्णतेनें प्रथिनें बिघडतात. पावसाळ्यांत तो रात्रभरही ठेवावा लागतो. वाळला कीं ओल शोषून घेणाऱ्या पुडीसह घट्ट पिशवींत बंद करून टपालानें सुद्धां पाठवितां येतो. प्रयोगशाळेंत त्याची लहानशी टिकली कापून द्रावणांत भिजत घालतात, आणि वाळलें रक्त पुन्हां बोलूं लागतें. एच.आय.व्ही.बाधित मातांच्या तान्ह्या बाळांची तपासणी आपल्या देशांत २०१० च्या सुमारापासून या कागदांवर होऊं लागली. बाळ गांवींच राहतें, प्रवास करतो तो कागद.

एवढें सांगून २०२० चा प्रकार न सांगितल्यास अपुरें होईल, कारण तेव्हां बोटाच्या थेंबाची पुष्कळ बदनामी झाली. करोनाच्या पहिल्या साथींत एप्रिल महिन्यांत चीनहून आलेल्या प्रतिपिंडाच्या पट्ट्या राज्यांराज्यांत वांटल्या गेल्या. राजस्थानांतून तक्रार आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीनें डॉ. रमण गंगाखेडकर यांनीं २१ एप्रिल रोजीं सांगितलें कीं, ज्यांस रोग असल्याचें ठाऊक होतें अशांच्या रक्तावर या पट्ट्यांचा मेळ कोठें शेंकडा ६ तर कोठें ७१ बसतो. दोन दिवस त्या वापरूं नयेत. २७ तारखेस त्या परत करण्यास राज्यांना कळविलें गेलें. गंगाखेडकर हे पूर्वीं पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे संचालक होते; पट्टीवर विसंबावें कधीं व विसंबूं नये कधीं हें त्यांस नवें नसावें. दोष पट्टीचा होता. शिवाय बाधा होऊन पहिल्या आठवड्यांत प्रतिपिंडें तयारच झालेलीं नसतात. त्या वेळीं रोग आहे कीं नाहीं हें पट्टीस विचारणें म्हणजे पेरणीच्या दिवशींच खळें मागणें होय. पुढें मे महिन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें 'कोविड कवच' नांवाची प्रतिपिंडांची चांगली तपासणी सिद्ध केली आणि तिच्या जोरावर देशांतील ७० जिल्ह्यांत पाहणी झाली. महाराष्ट्रांतील सहा जिल्ह्यांत आमचा नांदेडही होता. प्रत्येक जिल्ह्यांत दहा गांवें वा वॉर्ड, प्रत्येकीं चाळीस माणसें. रक्त मात्र शिरेंतून घेतलें. त्या पहिल्या फेरींत देशांत शेंकडा एकाहूनही कमी लोकांत प्रतिपिंडें निघालीं. २०२१ च्या जून-जुलैमधील चौथ्या फेरींत तें प्रमाण ६७.६ पर्यंत चढलें, त्यांत लसीचाही वांटा होता. एका माणसाच्या रोगनिदानास जी तपासणी निरुपयोगी, तीच सबंध देश किती भाजला गेला हें मोजण्यास उपयोगी पडली.

शेवटीं घरच्या गोष्टीकडे येतों. सासूबाईंचा राग ज्या टोचणीवर आहे ती एकदां वापरून फेंकून देण्याची, सीलबंद, नवी असते. तिच्यापासून भय नाहीं. भय आहे तें आपल्या घरांतल्या टोचणीचें. साखर मोजण्याचें यंत्र आतां घरोघर आहे, आणि त्यासोबत पेनासारखी टोचणीही. आजोबांचें यंत्र; पण सणावारीं मंडळी जमली, पुरणपोळीचें जेवण झालें, कीं काका, आत्या, जांवई, कॉलेजांत जाणारा नातू असे सर्व जण गमतीनें त्याच पेनानें बोट टोचून आंकडे सांगत बसतात. असें मीं चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिलें आहे. सुई बदलली तरी पेनाच्या टोंकास रक्ताचा डोळ्यांस न दिसणारा अंश राहतो, आणि हेपटायटिस बी या विषाणूस शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहतां येतें. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना राज्यांत वृद्धांच्या एका निवासगृहांत २०१० मध्यें साखर मोजण्याचीं साधनें सामाईक वापरल्यानें आठ जणांस ही कावीळ झाली व त्यांतील सहा जण दगावले.

तेव्हां पेन एकाचेंच, त्यावर नांव लिहिलेलें असावें. दुसऱ्यास तपासावयाचें असल्यास त्यास एकदांच वापरण्याची सुटी टोचणी औषधांच्या दुकानांत थोड्या पैशांत मिळते. वापरलेली सुई केराच्या टोपलींत टाकूं नये. औषधाची रिकामी, जाड प्लॅस्टिकची, झांकणाची बाटली त्यासाठीं ठेवावी आणि भरली कीं रुग्णालयांत नेऊन द्यावी. घंटागाडीवर आपला कचरा हातानें निवडणाऱ्या बायांपैकीं सर्वांच्या हातांत मोजे असतातच असें नाहीं.